मागच्या पडवीतील धुण्याची खोली आणि तिची कपाटे

दर्यापूर तालुक्यातील आमचे गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात आहे. जमिनीखालचे पाणी खारे असल्यामुळे बोअरच्या पाण्यात साबणाला फेस धरत नाही, बादलीच्या कडेला पांढरी खार चढते आणि भिंतीत ठोकलेली लोखंडी खुंटीसुद्धा दोन पावसाळ्यांत गंजून खाली तांबडा ओघळ सोडते. नळाचे गोडे पाणी आम्ही पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी राखतो. धुणे, भांडी, फरशी ही सारी कामे बोअरच्या पाण्यावर होतात. धुण्याच्या खोलीतील कपाटांविषयी आम्ही घेतलेल्या बहुतेक निर्णयांच्या मुळाशी हेच पाणी आहे, म्हणून त्याचा उल्लेख आधी केला.

घरात आम्ही पाच माणसे आहोत: सासूबाई, माझे यजमान, मी आणि दोन मुले. यजमान कपाशी आणि तुरीची शेती पाहतात आणि मी शेजारच्या गावातील प्राथमिक शाळेत शिकवते. घरामागे ११ फूट लांब आणि ७ फूट रुंद अशी टिनाची पडवी होती. एका कोपऱ्यात धुण्याचा दगड, दुसऱ्यात वॉशिंग मशीन, भिंतीला टेकवलेली फावडी, खुंट्यांवर शेतातून आलेले कपडे आणि पावसाळ्यात मधोमध कूलर, अशी तिची मांडणी वर्षानुवर्षे चालत आली होती. २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही तिला भिंती घालून खोलीचे रूप दिले आणि त्याच महिन्यात तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानातून तयार कपाट विकत आणले. पांढरे, गुळगुळीत, चार दारांचे ते कपाट दुकानदाराने ‘वॉटरप्रूफ’ म्हणून दिले होते.

ऑगस्टमध्ये त्याच्या खालच्या फळीची कड फुगली आणि दारे लागेनाशी झाली. दिवाळीपर्यंत तळाचा भाग बोटाने उकरला तरी भुशासारखा निघू लागला, कारण तो खरोखरच डिंकाने दाबून बसवलेला भुसा होता. वरचा पांढरा थर तेवढा पाणी न पिणारा होता. दुकानदाराने मशीनच्या सांडलेल्या पाण्याकडे बोट दाखवून जबाबदारी नाकारली. कपाट ओढून बाजूला केले, तेव्हा त्याच्या पाठीवर मातीची बोटभर रुंद रेघ जमिनीपासून दुसऱ्या कप्प्यापर्यंत चढलेली दिसली. ती उधई, म्हणजे वाळवी, होती. दुसऱ्या कप्प्यात सासूबाईंनी त्यांच्या आईच्या लुगड्यांच्या शिवलेल्या दोन गोधड्या ठेवल्या होत्या. त्यांतील एक पूर्ण खाल्ली गेली होती. सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. उरलेली गोधडी त्यांनी उन्हात घातली आणि संध्याकाळी आपल्या खोलीत नेऊन ठेवली. त्या दिवसापासून या खोलीचे काम मी मनावर घेतले.

दुसऱ्या वेळी मी दुकानाऐवजी घरापासून सुरुवात केली. २०२२ च्या जानेवारीत, वेचणीचा शेवटचा वेचा चालू असताना, मागच्या दाराने आठवडाभर काय काय आत येते आणि कोणत्या अवस्थेत येते, हे वहीत लिहून काढले. त्यातून दिसले की आमच्याकडे धुण्याचे कपडे एकाच प्रकारचे नसतात. काळ्या मातीच्या चिखलाने भरलेले कपडे थेट मशीनमध्ये टाकता येत नाहीत, कारण ती माती मशीनच्या तळाशी आणि नळीत बसते. ते आधी दगडावर खळबळून घ्यावे लागतात आणि तोवर ओले पडून राहतात. शाळेचे व घरातले कपडे कोरडे येतात. धुतलेले पण इस्त्रीची वाट पाहणारे कपडे निराळे. म्हणजे चिखलाचे, खळबळलेले, कोरडे आणि इस्त्रीचे अशा कपड्यांना निदान चार जागा हव्या होत्या आणि त्यांतील पहिल्या दोन जागा ओल सहन करणाऱ्या हव्या होत्या. तयार कपाटात एवढा विचार नसतो. त्यात सगळे कप्पे सारखे आणि सगळ्यांना दारे असतात. ओले कपडे दाराआड कोंडले की एका रात्रीत वास धरतात आणि पावसाळ्यात त्यांच्यावर काळे ठिपके उमटतात.

पाचवा प्रकार फवारणीच्या कपड्यांचा, आणि त्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमच्या पडवीत तोपर्यंत औषधाच्या बाटल्या आड्यावर, साबणाच्या डब्याशेजारी ठेवल्या जात होत्या आणि फवारणीचा सदरा इतर कपड्यांच्याच ढिगात पडत होता. त्या वर्षी बाटल्या घरातून हलल्या. त्या आता शेतातील खोलीत कुलूपबंद पेटीत असतात. सदऱ्याची सवय मात्र तशीच राहिली होती. नव्या आखणीत मी एकच अट अशी घातली की तिच्यावर चर्चा होणार नाही: फवारणीचे कपडे या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. दाराबाहेर, वळचणीखाली कमरेइतक्या उंचीवर दगडाची एक फळी बसवून घेतली आणि तिच्यावर झाकणाचे लाल कॅरेट, वेगळी बादली आणि रबरी हातमोजे ठेवले. ते कपडे हातमोजे घालून आधी बाहेरच खळबळले जातात, मग गरम पाण्यात पावडर टाकून दोनदा वेगळे धुतले जातात आणि स्वतंत्र दोरीवर उन्हात वाळतात. कपाटांच्या खर्चात ही फळी सर्वांत स्वस्त होती, पण साऱ्या कामात मला तिचेच मोल अधिक वाटते.

कॅरेटचा विषय निघाला म्हणून सांगते, पुढची सगळी मापे त्यानेच ठरवून दिली. संत्री आणि भाजीपाला ज्यात बाजारात जातो, ती प्लास्टिकची जाळीदार कॅरेटे घरात होतीच. त्यांना ओल लागत नाही, हवा आरपार खेळते, खाऱ्या पाण्याने काही बिघडत नाही आणि भरलेले कॅरेट दोन्ही बाजूंच्या खाचांत हात घालून उचलता येते. दुकानांत मिळणाऱ्या तारेच्या सुबक टोपल्यांवरील रंग आमच्या पाण्यात वर्षभरही टिकला नसता. आमच्या कॅरेटचे बाहेरचे माप ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि २९ उंच भरले. कडप्प्याची लादी २ फूट रुंदीची सहज मिळते, म्हणजे कॅरेट तिच्यावर आडवे न ठेवता सरळ आत सरकते आणि मागे हवेसाठी जागाही उरते. तीन कॅरेटे शेजारी शेजारी, प्रत्येकामध्ये हात जाईल एवढी फट आणि उभ्या लाद्यांची जाडी असे धरून मांडणीची लांबी सव्वाचार फूट आली. एकावर एक दोन रांगा, प्रत्येक रांगेची उंची १३ इंच, खाली झाडू फिरेल एवढी ८ इंचांची मोकळीक. सर्वांत वरची लादी जमिनीपासून ३ फूट १ इंचावर आली आणि तिच्यावर उभ्याने कपड्यांच्या घड्या घालता येऊ लागल्या. खालची मोकळी जागा स्वच्छतेसाठी जेवढी लागते, तेवढीच विंचवासाठीही लागते. बंद तळाच्या कपाटाखाली हात घालण्याची भीती आम्ही पूर्वी अनुभवली आहे. आता टॉर्चच्या उजेडात तळ भिंतीपर्यंत दिसतो.

कडप्पा निवडण्यापूर्वी सुतारमिस्त्रींशी बरेच बोलणे झाले. तयार कपाटाची गत पाहून ते म्हणाले, “मॅडम, या पाण्यात खाली लाकूड लावाल तं दरसाली मले बोलवा लागन.” लाकडाचे काम करणारा माणूस स्वतःच्या कामाचे नुकसान करून हे सांगत होता, हे माझ्या लक्षात राहिले. तळाला दगड आणि वर लाकूड, ही मूळ कल्पना त्यांचीच. जमिनीपासून ३ फुटांपर्यंत लाकडाची एक चीपही लावायची नाही, असे आम्ही ठरवले. कडप्प्याच्या उभ्या लाद्यांना खाचा पाडून आडव्या लाद्या त्यांत बसवल्या. दगडाने उधई थांबते असा काहींचा समज असतो, तो खरा नाही. ती दगडावरूनही मातीची नळी करून वर चढते. फरक एवढाच की उघड्या काळ्या दगडावर ती नळी चढताना दिसते आणि वेळीच खरवडता येते. कडप्प्याचा दोषही सांगायला हवा. तो चुनखडीचा दगड असल्यामुळे संडास साफ करण्याचे अॅसिड किंवा लिंबाचा रस सांडला की तेथे पांढुरका डाग पडतो. ग्रॅनाइटला तसे होत नाही, पण त्याचा दर आम्हाला जड होता.

वरच्या कपाटांसाठी काय वापरायचे, यावर मी जवळजवळ दोन महिने घालवले. अमरावतीला दोन खेपा केल्या आणि चार प्रकारच्या फळ्यांचे तुकडे पिशवीत घालून आणले: भुशाची दाबीव फळी, साधा कमर्शियल प्लाय, मरीन प्लाय आणि प्लास्टिक मिसळलेली डब्ल्यूपीसी फळी. मरीन प्लायवर आयएसआयचे चिन्ह, आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि परवान्याचा क्रमांक छापलेला असतो. साध्या प्लायवर आयएस ३०३ असतो. आयएस ७१० च्या कसोटीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि त्याचे थर सुटता कामा नयेत, अशी अट असते. हे वाचल्यावर मला वाटले की कसोटी घरीच घेऊन पाहावी. एका रविवारी सकाळी परसातल्या चुलीवर जुन्या पातेल्यात बोअरचे पाणी घेतले, त्यात तिन्ही लाकडी तुकडे टाकले आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडांचा, जाळ दिवसभर चालू ठेवला. भुशाची फळी अर्ध्या तासात फुगून दुप्पट झाली आणि दुपारपर्यंत तिचा लगदा झाला. साध्या प्लायचे थर संध्याकाळी नखाने सुटू लागले. मरीन प्लायचा तुकडा रात्री बाहेर काढला, तेव्हा कडेला थोडा खरखरीत झाला होता, पण थर घट्ट होते. तिन्ही तुकडे मी शाळेत नेऊन मुलांना दाखवले. थर चिकटवणाऱ्या राळेचा हा फरक आहे, हे त्यांना हातात धरून लगेच कळले.

डब्ल्यूपीसीला पाणी आणि उधई दोन्हीचे भय नाही, म्हणून माझा कल आधी तिकडे होता. तिचा तुकडा मी उकळला नाही. टिनाखाली, पश्चिमेच्या भिंतीवर दोन विटांच्या आधाराने ३ फूट लांब पट्टी ठेवली आणि मध्ये भरलेली पाण्याची बाटली उभी केली. मार्च सरून एप्रिल लागला तशी पट्टी मध्यभागी झुकू लागली आणि मेच्या मध्यावर तो झोल दुरूनही दिसू लागला. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि टिनाखालची हवा त्याहून तप्त असते. प्लास्टिकचा अंश असलेली फळी अशा जागी आधाराशिवाय लांब वापरू नये, असे माझे मत झाले. छोट्या, जवळजवळ आधार असलेल्या कप्प्यांना किंवा थंड, पक्क्या छताच्या खोलीत ती चांगली ठरेल. आम्ही मरीन प्लाय घेतला, १८ मिलिमीटर जाडीचा, आणि दोन्ही बाजूंनी सनमायका लावून घेतली. एकाच बाजूने लावली तर फळी वाकते. कापलेल्या प्रत्येक कडेवर पट्टी चिकटवली आणि नळासाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडाही सिलिकॉनने बुजवून घेतल्या, कारण पाणी फळीच्या सपाट बाजूने शिरत नाही, कडेने शिरते. रंगाचा निर्णय दहा मिनिटांत झाला. फिकट राखाडी, धूळ दिसू नये म्हणून.

दारांसाठी घरातच सागवान निघाले. पूर्वी आमच्या घराला ढेलज, म्हणजे देवडी, होती. ती पाडली तेव्हाच्या चौकटी माळ्यावर पडून होत्या. मिस्त्रींनी त्या रंधून पाहिल्या, बाहेरचा फिकट भाग कापून टाकला आणि गाभ्याचे तांबूस-तपकिरी लाकूड तेवढे ठेवले. सागाचे नैसर्गिक तेल त्या गाभ्यात असते आणि म्हणून उधई त्याला सहसा लागत नाही. बाहेरच्या फिकट लाकडाला ती लागते. त्या लाकडाच्या चौकटी करून त्यांत बारीक जाळी बसवली. दार बंद असूनही आत हवा खेळते आणि उंदीर शिरत नाही. सासूबाईंनी त्या चौकटींवरून हात फिरवून त्या कोणत्या दाराच्या होत्या, हे बरोबर सांगितले.

उंचीच्या बाबतीत आम्ही चुकता चुकता वाचलो. मिस्त्रींनी वरचे कपाट मशीनच्या वर, जमिनीपासून ४ फूट ३ इंचांवर आखले होते आणि कागदावर ते चांगले दिसत होते. जमिनीवर आणि भिंतीवर खडूने पूर्ण मापाच्या रेघा ओढल्या, मशीन जागेवर सरकवले आणि झाकण उघडले, तेव्हा ते ४ फूट ७ इंचांपर्यंत गेले. पुस्तिकांतील चित्रांत बहुधा समोरून दार असलेले मशीन असते, त्यामुळे हे लक्षात येत नाही. वरून झाकण असलेल्या मशीनसाठी झाकणाची उंची वेगळी मोजावी लागते. कपाट आम्ही ५ फुटांवर नेले आणि भिंतीपासून पुढे फक्त १ फूट ठेवले, म्हणजे वाकून कपडे काढताना डोक्याला लागत नाही. पण ५ फुटांवर सासूबाईंचा हात पुरत नाही. “वरतं नोको ठेवू माये, मले रोज लागते ते हाताशी दे,” असे त्या म्हणाल्या. म्हणून रोजचा साबण, सोडा, नीळ आणि चिमट्यांचा डबा यांसाठी घडीच्या लादीवरच भिंतीलगत एक अरुंद दगडी फळी घेतली आणि वरच्या कपाटात महिन्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू गेल्या. मशीनला अडीच फुटांची जागा दिली, तिला दोन्ही बाजूंनी व मागे मोकळीक ठेवली आणि विजेचा सॉकेट पाणी उडणार नाही अशा उंचीवर, अर्थिंग तपासून बसवून घेतला.

भिंतीला कपाट पक्के जखडायचे की नाही, हा प्रश्न आमच्या जमिनीमुळे पडला. काळी कापसाची माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावरची भिंत दरवर्षी थोडी हलते, आणि आमच्या घराचे एक दार पावसाळ्यात अडकते ते त्यामुळेच. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कपाट ठासून बसवले असते, तर दुसऱ्याच वर्षी त्याची दारे घासू लागली असती. म्हणून दगडाची मांडणी आपल्या पायांवर उभी आहे, दोन्ही टोकांना इंचभर जागा सुटलेली आहे आणि वरची कपाटे फक्त मागच्या भिंतीला, फळीमागे अर्धा इंच हवा सोडून, टांगलेली आहेत.

एक गोष्ट मला उशिरा कळली. विहिरीसाठी आणलेली ब्लिचिंग पावडर मी वरच्या कपाटात ठेवली आणि तीन महिन्यांत त्या कप्प्याच्या बिजागऱ्यांवर तांबूस ठिपके उमटले. पुडा उष्णतेत क्लोरीन सोडत राहतो आणि तो वायू धातूला खातो. शिवाय ब्लिचिंग पावडर आणि संडासाचे अॅसिड एकमेकांत मिसळले तर विषारी क्लोरीन वायू झपाट्याने निघतो, म्हणून ही दोन्ही एका कप्प्यात कधीही ठेवू नयेत. आता पावडर घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, खोलीबाहेर सावलीत असते आणि अॅसिडची बाटली मोरीजवळच्या कोपऱ्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशी. खराब झालेल्या बिजागऱ्या बदलताना ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या घेतल्या. सुरुवातीलाच त्या घेतल्या असत्या तर दोनदा पैसे गेले नसते.

एक कोपरा, अडीच फूट लांब आणि तेवढाच रुंद, आम्ही कपाटाशिवाय ठेवला. मिस्त्रींना तो वाया गेल्यासारखा वाटत होता, पण मृग लागला की कूलर तेथे येतो आणि फाल्गुनात तो बाहेर गेला की त्याच जागी उन्हाळ्यासाठी पाण्याचा ड्रम उभा राहतो. कूलरच्या ताट्या काढून, खार झटकून, उन्हात वाळवून वरच्या माळ्यावर जातात. त्यांच्यासाठी माळ्याची एक बाजू पत्र्यापासून हातभर खाली ठेवली आहे. उरलेल्या सुमारे पावणेदोन फुटांत झाडू, पोछा आणि इस्त्रीची फळी उभी राहते. त्या भागाला दार आहे, पण तळ नाही.

सगळा खर्च ४१ हजार रुपये आला, त्यात दगडकाम, लाकूड, मजुरी आणि नंतर बदललेल्या बिजागऱ्याही आल्या. पहिल्या कपाटाचे पैसे त्यात धरलेले नाहीत. या खोलीने आता दोन पावसाळे काढले आहेत. मागच्या आश्विनात दगडाच्या डाव्या पायावर उधईची वीतभर नळी दिसली. ती त्याच दिवशी खरवडून भिंतीच्या बुडाशी औषध सोडले आणि नंतर ती परत आलेली नाही. राहिलेली गोधडी सासूबाईंनी अलीकडेच वरच्या जाळीच्या कप्प्यात, कडुनिंबाचा पाला घालून ठेवायला दिली.